सिस्टरांचे चाकू

जो चाकू आपल्याला उघडता येत नाही, तो आपला नाही, असं सिस्टर म्हणत. म्हणण्यापुरतं पुष्कळ लोक पुष्कळ काही म्हणतात. सिस्टर ते पाळत.

त्यांच्याकडे खिशात मावणारे, मिटणारे असे वीसेक चाकू होते. काचेचं कपाट नव्हतं, मखमलीची पेटी नव्हती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मऊ झालेल्या लुगड्याच्या तुकड्यांत एकेक गुंडाळून ठेवलेला असे. दर सोमवारी त्यांतला एक बाहेर निघे आणि आठवडाभर त्यांच्या पर्समध्ये राही. पाकीट फोडायचं, सुतळी तोडायची, औषधाच्या बाटलीचं बूच काढायचं, पेरू कापायचा, सगळं त्याच चाकूने. रविवारी त्याला पुसून, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब देऊन परत डब्यात. मग दुसरा. "ठेवणीतलं पातं गंजतं," त्या म्हणत, "आणि ठेवणीतला माणूससुद्धा."

त्या मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर वाशीला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर छोटा ब्लॉक घेऊन एकट्या राहत. खाडीवरचा पूल होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या इमारतींच्या पलीकडे मोकळी जमीन, मग चिखल, मग खाडी. संध्याकाळी वारा सुटला की वाळत घातलेले कपडे खारट व्हायचे. दादर-गिरगावातले लोक आम्हाला 'तिकडे राहता?' असं विचारायचे. सिस्टर म्हणायच्या, "हो, तिकडे. या की." त्यांचं नाव पाटीवर होतं, पण ते कोणी वाचलं नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी दोन मुलांची हाडं बसवायला मदत केली, एका बाळंतिणीला रात्रभर सोबत केली, आणि त्या सगळ्यांच्या सिस्टर झाल्या.

माझी त्यांची ओळख धारवाल्यापाशी झाली. रविवारी सकाळी तो सायकलवर धार लावायचं सराण घेऊन यायचा. बायका विळ्या आणि कात्र्या घेऊन उभ्या असायच्या. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला होतो. मला शाळेपासून चाकूंचा नाद. मामाने जत्रेतून आणून दिलेल्या एका चाकूपासून तो लागला आणि सुटला नाही. त्या दिवशी खिशात लाकडी मुठीचा दोन पात्यांचा चाकू घेऊन मी रांगेत उभा होतो. बायकांच्या रांगेत चाकू घेऊन उभं राहायला थोडं चोरट्यासारखं वाटत होतं. माझ्यापुढे पांढऱ्या पातळातल्या, ताठ उभ्या राहणाऱ्या एक बाई. त्यांनी पर्समधून शिंगाच्या मुठीचा चाकू काढला, नखाने खटकन उघडला आणि धारवाल्याला म्हणाल्या, "आधी दगडाला पाणी लाव. पातं तापलं तर त्याचं पाणी उतरतं. मग ते लोणी कापायच्या लायकीचं राहतं."

मी वाकून बघत होतो. त्यांनी मान न वळवता विचारलं, "तुमच्या खिशात काय आहे?"

"चाकू."

"ते समजलं. बघू."

मी दिला. त्यांनी दोन्ही पाती उघडली, कानाशी नेऊन मिटली. खटका ऐकला. म्हणाल्या, "छोटं पातं तुम्ही वापरत नाही. घट्ट झालंय. चहा घेता?"

त्या दिवशी पहिल्यांदा मी तो डबा पाहिला. बोरूची टोकं कापायचा बोटाएवढा चाकू होता, कुणा कारकुनाने आयुष्यभर वापरून पातं निम्मं झिजवलेला. मचवा हाकणाऱ्या उरणच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने दिलेला दोर कापायचा जाड चाकू होता. तंबाखूचा होता, पितळी मुठीचा होता. एक खटक्याचा होता, तो एका पेशंटच्या उशाखाली सापडला होता. पेशंट बरा होऊन घरी गेला तेव्हा सिस्टरनी तो परत द्यायला काढला, तर म्हणाला, "तुमच्याकडेच राहू द्या, माझ्याकडे राहिला तर मी परत इथे येईन." आणि एक होता त्यांच्या वडिलांचा. वडील राजापूरकडचे, आंब्याची कलमं बांधणारे. फणसाच्या लाकडाची मूठ, सरळ धारेचं पातं, आणि पातं धरून ठेवणारी कमान इतकी कडक की मलाही दोनदा प्रयत्न करावा लागला. सिस्टरनी तो एका दमात उघडला.

आपल्याकडे चाकू हातात देत नाहीत. भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा. मी तसाच टेबलावर ठेवला तर सिस्टर म्हणाल्या, "हातात द्या. ऑपरेशनच्या वेळी मी खाली ठेवत बसले असते तर पेशंट गेला असता. आणि भांडण व्हायचं असेल तर त्याला चाकू कशाला लागतो?" मग मूठ माझ्याकडे करून चाकू कसा द्यायचा हे त्यांनी मला शिकवलं. पुढची दहा-अकरा वर्षं आम्ही एकमेकांच्या हातात चाकू देत होतो आणि भांडतही होतो. कुठला चाकू कुठल्या भागातला, मूठ मूळची की नंतर बसवलेली, यावर. त्यांच्याशी भांडायला मजा यायची, कारण चूक निघाली तर त्या लगेच "माझं चुकलं" म्हणायच्या आणि दुसऱ्याकडूनही तीच अपेक्षा करायच्या.

एकटी राहणारी बाई, आणि घरात डबाभर चाकू. बोलणं व्हायचंच. कॉलनीत एकदा चोरी झाली तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी कुलकर्णी त्यांच्याकडे गेले आणि आडून आडून म्हणाले, "लोकांना जरा टेन्शन येतं, सिस्टर." सिस्टर म्हणाल्या, "कुणाला येतं?" कुलकर्ण्यांनी नावं सांगितली नाहीत. ते दिवस नवरात्राचे होते. सिस्टरनी खंडेनवमीला सगळ्या बिल्डिंगला बोलावलं. जमिनीवर पांढरी चादर अंथरून सगळे चाकू उघडे मांडले होते, प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. शेजारी त्यांची जुनी कात्री आणि इंजेक्शनची काचेची सिरिंज. मग प्रत्येक चाकूने एकेक फळ कापलं. बोरूच्या चाकूने चिकू, तांडेलाच्या चाकूने शहाळं. चाकू कुणाचा, त्याने काय काय काम केलं, हे सांगत होत्या. खटक्याच्या चाकूने कापलेलं सफरचंद त्यांनी मुद्दाम कुलकर्ण्यांना दिलं. कुलकर्ण्यांनी खाल्लं. त्यानंतर दरवर्षी खंडेनवमीला बिल्डिंग त्यांच्याकडे जमायची आणि कुलकर्णी स्वतःची दाढीची पेटी पूजेला आणून ठेवायचे.

चौऱ्याऐंशी सालच्या जूनमध्ये एका सकाळी बेबी धावत आमच्याकडे आली. बेबी वाशीगावातली, सिस्टरांकडे भांडी-लादीचं काम करायची. "चला बिगी, सिस्टर पडल्यान." मी आणि माझी बायको सुमन खाली गेलो. दुधाचं पातेलं उलटं झालं होतं आणि सिस्टर ओट्याला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं होतं. शब्द जड, ओले निघत होते. तरी त्या म्हणाल्या, "उजवी बाजू गेली. किती वाजले ते बघून ठेवा. डॉक्टर विचारतील."

डॉक्टरांनी विचारलं. मला सांगता आलं.

खाडीपलीकडच्या इस्पितळातून त्या महिन्याभराने घरी आल्या तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ वसंतराव नाशिकहून आले होते. वीज खात्यात इंजिनिअर. आई लवकर गेली, तेव्हा सिस्टरनीच त्यांना शिकवलं होतं. सिस्टर त्यांना अजून बाळ म्हणत. भला माणूस. त्यांनी नाशिकच्या घरातली पूर्वेकडची खोली रंगवून ठेवली होती, कमोड बसवून घेतला होता, बाई ठरवली होती. ते म्हणाले, "ताई, पुष्कळ केलंस. आता हे घर बंद करू. तू फक्त आराम कर."

सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा. त्या म्हणाल्या, "आराम केलेली माणसं मी बघितली आहेत, बाळ. वॉर्डात. ती परत उठत नाहीत."

"पण हात..."

"खंडेनवमीला ये. मी चाकू उघडून, पेरू कापून तुझ्या हातात दिला, तर मी इथे राहीन आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. नाही दिला, तर त्याच दिवशी तुझ्या गाडीत बसेन. मीही विषय काढणार नाही."

वसंतराव माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघत होतो. शेवटी ते "बरं" म्हणाले. मला वाटतं, त्यांना वाटलं, दोन-तीन महिन्यांत ताई स्वतःच समजून घेईल.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरनी मला बोलावलं. बेबीने डबा उघडून सगळे चाकू टेबलावर लावले होते. चाकू उघडायला दोन हात लागतात, हे मी तोवर कधी लक्षात घेतलं नव्हतं. एकाने मूठ धरायची, दुसऱ्याच्या नखाने पातं ओढायचं. उजवा हात धरत नव्हता. सिस्टरनी एकेक चाकू मांडीत दाबून डाव्या हाताने ओढून पाहिला. घामाने कपाळ भिजलं. दोन-तीन सैल झालेले जुने चाकू उघडले. बाकी तसेच मिटलेले राहिले. त्यांनी उघडलेले डब्यात टाकले आणि उरलेल्यांवरून हात फिरवला.

"हे तुमचे."

"सिस्टर, असं काय करता? राहू द्या. बरं वाटलं की..."

"पाटणकर, तो नियम मी काय दुसऱ्यांसाठी केला होता?"

मी हात पुढे केला. एकेक चाकू त्यांनी डाव्या हाताने माझ्या हातात दिला. वडिलांचा कलमाचा चाकू सगळ्यात शेवटी. तोंडातून अजून शब्द नीट निघत नव्हते, पण प्रत्येक चाकू देताना काय बघायचं ते सांगत होत्या. ह्याला ओल सोसत नाही. ह्याचा खिळा दर वर्षी ठोकायला लागतो.

ज्याला संग्रहाचा नाद आहे त्याला हे कळेल. त्या शिंगाच्या मुठीच्या चाकूवर माझी पहिल्या दिवसापासून नजर होती. आता तो माझ्या घरात होता आणि मला तो हातात घ्यावासा वाटत नव्हता. मी सगळे चाकू कपाटाच्या वरच्या खणात ठेवले आणि जेवायला बसलो. सुमनला चाकू घरात आवडत नसत. ती म्हणाली, "त्या परत मागतील. तुम्ही नुसतं तेल घालत राहा."

सिस्टरनी त्या दिवसापासून जे सुरू केलं ते मी कामावरून आल्यावर रोज बघायचो. सकाळी बेबीने कणीक भिजवली की ती सिस्टर मळायच्या, उजव्या हाताने. म्हणजे उजवा हात परातीत ठेवायच्या आणि डाव्याने त्याला दाबायच्या. दुपारी ओलं फडकं पिळायचं. सुरुवातीला त्यातून थेंब निघत नसे. मग भिंतीला टेकून बोटांनी वर चढायचं. खडूने त्यांनी भिंतीवर रेघ मारली होती. कधी बोटं रेघेपर्यंत जात, कधी त्याच्या खूप खाली थांबत. बेबी दारात बसून बघत असायची. मी एकदा म्हटलं, "अगं, जरा आधार दे ना." ती म्हणाली, "मना सांगलाय, हात लावाचा नाय. पडल्या तरी आधी दहा म्हनाचं, मंग उचलाचं."

आयुष्यभर नखं मुळापासून कापत आलेल्या ह्या बाईने डाव्या अंगठ्याचं नख वाढवलं. पात्याच्या खाचेत ते अडकायला हवं होतं. ते मला दाखवताना त्या थोड्या लाजल्या. "मेट्रन असताना एखाद्या पोरीचं असलं नख दिसलं असतं तर घरी पाठवली असती."

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी बेबी वर आली. "पितलेचा मांगलाय. आताच्या आता."

मी पितळी मुठीचा चाकू घेऊन खाली गेलो. सिस्टरनी तो उजव्या हातात ठेवला, बोटं एकेक करून डाव्या हाताने त्याच्याभोवती मिटवली. हात थरथरत होता, पण मूठ सुटली नाही. डाव्या नखाने पातं ओढलं. अर्ध्यावर अडकलं. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा ओढलं. उघडला.

"हा माझा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दर एक-दोन दिवसांनी एकेक चाकू परत जाऊ लागला. तंबाखूचा गेला. बोरूचा गेला. तांडेलाचा बरेच दिवस अडून बसला, मग तोही. संध्याकाळी मी चाकू खाली घेऊन जायचो, कधी तसाच परत आणायचो. परत आणला की सिस्टर एवढंच म्हणायच्या, "आज नाही." एकदा पातं अर्धवट उघडलेलं असताना निसटलं आणि उजव्या तर्जनीवर मिटलं. रक्त आलं. मी उठलो तर त्यांनी मला डाव्या हाताने थांबवलं. त्या त्या बोटाकडे बघत होत्या. चेहरा असा, की मी त्यांचा तसा चेहरा आधी पाहिला नव्हता.

"दुखलं," त्या म्हणाल्या. "पाटणकर, ह्या बोटाला दुखलं."

बेबीने पट्टी बांधली आणि सिस्टर बांधू देत होत्या, कारण प्रत्येक वेढ्याला त्यांना बोट असल्याचं कळत होतं.

खंडेनवमीला वसंतराव आले. गाडी खाली उभी केली. गाडीची मागची सीट त्यांनी उशा लावून तयार ठेवली होती, ते मी पाहिलं. सिस्टरांच्या खोलीत नेहमीसारखी पांढरी चादर, झेंडूची फुलं. बिल्डिंगची माणसं आली होती. पैज सगळ्यांना माहीत झाली होती, त्यामुळे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. माझ्याकडे आता त्यांचा एकच चाकू उरला होता, वडिलांचा. आजारपणानंतर तो सिस्टरांना एकदाही उघडता आला नव्हता. सकाळी त्यांनी तो आणायला सांगितला होता.

"दुसऱ्या चाकूने कापा ना," मी हळूच म्हटलं. "पेरूच कापायचाय."

"आधी ह्याने बघते."

त्यांनी कलमाचा चाकू उजव्या मुठीत धरला. नख खाचेत घातलं. ओढलं. पातं हललं नाही. पुन्हा ओढलं. मानेची शीर फुगली. तिसऱ्या वेळी नख मोडलं. वसंतराव पुढे झाले. त्यांचे डोळे भरले होते. "ताई, दे इकडे. मी उघडतो."

"बाळ, हात मागे घे."

त्यांनी तो चाकू माझ्या हातात दिला. "हा तुमचाच राहिला." मग चादरीवरून पितळी मुठीचा उचलला. नख मोडलेलं, त्यामुळे बोटाच्या पेरानेच पातं ओढावं लागलं. पातं सावकाश वर आलं आणि शेवटी खटका वाजला. पेरू उजव्या हाताने धरला. तो दोनदा निसटून चादरीवर गेला आणि दोन्ही वेळा त्यांनीच तो उचलला. फोडी वाकड्या झाल्या, एक जाड, एक नुसतं साल. त्यातली जाड फोड त्यांनी उजव्या हाताने वसंतरावांपुढे धरली.

वसंतरावांनी खाल्ली. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "मीठ नाही लावलंस."

"पुढच्या वर्षी लावीन. सगळं एकदम होत नाही."

वसंतराव रात्री एकटेच नाशिकला गेले. जाताना गाडीतल्या उशा काढून त्यांनी सिस्टरांच्या पलंगावर ठेवल्या.

त्यानंतर सिस्टर चार वर्षं वाशीत राहिल्या. पाय थोडा ओढत चालायच्या. कांदा-बटाट्याच्या मार्केटमुळे ट्रकांची गर्दी वाढली, तेव्हा काठी आडवी धरून ट्रक थांबवायच्या आणि रस्ता ओलांडायच्या. एका दुपारी दारावर थाप पडली. उघडलं तर सिस्टर. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. धाप लागली होती. बसल्यासुद्धा नाहीत. "वडिलांचा आणा," म्हणाल्या. मी आणला. त्यांनी दारातच उभं राहून तो उघडला, मिटला, पर्समध्ये टाकला आणि सुमनला म्हणाल्या, "आता पाणी दे." सुमनने पाण्याबरोबर लाडूही आणला आणि मला म्हणाली, "बघितलंत?"

अठ्ठ्याऐंशी साली वसंतराव स्कूटरवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण ते उठेनात. निवृत्तीला आलेला माणूस, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. मुलगा, सून सगळं अंथरुणात आणून देत होते. सिस्टरांना हे कळलं तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला नाशिकला जायला हवं."

"थोडे दिवस?"

"नाही. हे थोड्या दिवसांचं काम नाही. त्या घरात सगळे प्रेमळ आहेत, पाटणकर. त्याला कोणी उठवणार नाही."

त्याच आठवड्यात त्यांनी घराचं सगळं उरकलं. भांडी बेबीला दिली. जायच्या आदल्या संध्याकाळी मी आणि सुमन खाली गेलो. टेबलावर चाकू लावलेले होते, सगळे उघडे. सिस्टरनी एकेक उचलायला सुरुवात केली. उजव्या हातात मूठ धरायची, डाव्या हाताने पातं मिटायचं, पुन्हा उघडायचं, पुन्हा मिटायचं, मग माझ्या हातात.

"सिस्टर, हे तुम्हाला उघडतात," मी म्हणालो. "मग माझे कसे?"

"म्हणून तर देतेय. मागे दिले ते मला झेपत नव्हते म्हणून दिले. ते देणं नव्हतं, टाकणं होतं. तुम्ही घेतलेत, तेल घातलंत, हे तुमचे उपकार. हे माझे आहेत, मला वापरता येतात, आणि मी तुम्हाला देतेय."

शिंगाच्या मुठीचा आला. तांडेलाचा आला. मग कलमाचा. तो त्यांनी पहिल्याच झटक्यात उघडला.

"हा तरी ठेवा," सुमन म्हणाली. "वडिलांची आठवण."

"वडिलांची आठवण मला आहे. हा भाच्याला दिला तर त्याच्यासाठी तो आत्याचा चाकू. कपाटात जाईल. ह्याला उघडायला किती कष्ट पडले ते ह्यांनी बघितलंय." त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्याच्याभोवती मिटवली. दोन्ही हातांनी. उजव्या हाताची पकड मला जाणवली. चांगली घट्ट होती.

सकाळी आम्ही त्यांना हायवेवर एसटीत बसवून दिलं. वसंतरावांच्या मुलाने गाडी पाठवतो म्हटलं होतं, ते त्यांनी नाकारलं होतं. कंडक्टर म्हणाला, "आजी, पुढच्या सीटवर बसा, हात देतो." सिस्टर म्हणाल्या, "बॅगेला दे." आणि दांडी धरून चढल्या.

त्या तिथे असताना मी एकदाच नाशिकला गेलो, वर्षभराने. पूर्वेकडच्या त्या रंगवलेल्या खोलीत वसंतराव पलंगाच्या काठावर बसले होते आणि सिस्टर समोर स्टूलवर. दोघं वाद घालत होते. वसंतराव पलंगापासून दारापर्यंत चालायला लागले होते, पुढे गॅलरीपर्यंत. जिना मात्र उतरत नव्हते. घर पहिल्या मजल्यावर. पडायची भीती बसली होती. सिस्टर म्हणाल्या, "जिन्याला मी घाई करत नाही. पण सोडतही नाही." मी खिशातून शिंगाचा चाकू काढून दाखवला. त्यांनी खटका ऐकला, मान हलवली आणि म्हणाल्या, "आठवड्याला बदलता ना?" मी हो म्हटलं. चाकूंविषयी आमचं तेवढंच बोलणं झालं. त्यांचं सगळं लक्ष पलंगाकडे होतं.

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं. मी पोचलो तेव्हा वसंतराव खाली, रस्त्याकडच्या ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, काठी न घेता. आम्ही तिथेच बसलो. त्यांनी सांगितलं.

"सकाळी मला म्हणाली, बाळ, आज जिना. मी म्हटलं, आज नको ताई, उद्या. ती म्हणाली, बरं, उद्या. दुपारी जेवून जरा आडवी झाली, ती उठली नाही." त्यांनी वर जिन्याकडे पाहिलं. "संध्याकाळी तिला खाली न्यायची वेळ आली. सगळे म्हणाले, बाबा, तुम्ही वरच थांबा, गॅलरीतून नमस्कार करा. मी कठडा धरला आणि तिच्यामागून उतरलो. पोरगा आडवा येत होता. त्याला म्हटलं, हात मागे घे."

मी विचारलं, "नीट उतरलात?"

"नीट नाही," वसंतराव म्हणाले. "पण उतरलो. आणि तिला पोचवून आल्यावर चढलोसुद्धा."